म्हणाले आणि ओरडले

परक्या माणसाच्या पेपरवर लाल पेननं रेघ मारायची, हा काय प्रकार झाला! पण चैतालीनं मारली. लोणावळ्याच्या स्टँडसमोर चहा पिताना शेजारच्या मुलानं पेपर उघडला आणि तिला बातमी दिसली, 'बेडसे लेण्यांवर पर्यटकांना दमदाटी'. रोज वह्या तपासणाऱ्या बाईंचा हात आपोआप पुढे गेला.

"अहो, माझा पेपर!"

"हे बघा. पर्यटक 'म्हणाले', त्यांनी 'विनंती केली'. गावकरी मात्र 'ओरडले', 'अंगावर आले'. गावातल्या कुणालाच काही विचारलेलं नाही. हे लिहिणारा कधी लेण्यांच्या पायऱ्या तरी चढलाय का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही चढलो... मीच लिहिलंय. मी सुरज."

तरी चैताली मागे हटली नाही. बातमीतली ओरडणारी बाई म्हणजे तिची आत्या सरुबाई, लेण्यांच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी विकणारी. या बातमीमुळे सोमवारी ग्रामपंचायत तिची टपरी उठवणार होती.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "या, आणि चढा."

तो खरंच आला. धापा टाकत सगळ्या पायऱ्या चढला, उतरला. सरुबाईनं आधी त्याला भाकरी वाढली, मग फैलावर घेतलं. "व्हय, वरडले! पन का वरडले, ते इचारलंस का, बाळा? दारूच्या बाटल्या घिऊन वर निगालती ती. आमी तितं बुद्धवंदनेला बसतो. न्हाई म्हनलं, ती दमदाटी व्हय?"

सुरजनं मान खाली घालून अक्षर न् अक्षर उतरवलं. मध्येच चैतालीकडे बघायचा आणि ओळ चुकवायचा. तिच्या ते लक्षात आलं होतं... आणि तिला ते फार आवडलं होतं!

वही मिटून तो म्हणाला, "ही बातमी मी लिहिणार नाही."

तिनं ती वही पुन्हा उघडून त्याच्यापुढे धरली. "घाबरलात?"

"अतुलला बोलावलंय. माझा सहकारी. तो तासाभरात येईल, सगळ्यांशी बोलेल. उद्याच्या अंकात छापून येईल." सुरज चपलांकडे बघत राहिला. "मी लिहिलं तर पुन्हा एकतर्फीच होईल. कारण मला... मला तू आवडतेस, चैताली. आता मी कसला तटस्थ?"

आणि उत्तराची वाट न बघता तो गाडीला किक मारून पसार झाला!

सोमवारी चैतालीनं अतुलची बातमी तीनदा वाचली. पर्यटक म्हणाले, सरुबाई म्हणाल्या, आणि भांडण बाटल्यांवरून झालं हेही त्यात होतं. लाल पेनला कामच उरलं नाही. दुपारी निरोप आला, टपरी राहिली.

संध्याकाळी ती लेण्यांच्या पायऱ्यांवर उभी होती. खाली टपरीजवळ गाडी थांबली. सुरज वर बघत होता, पहिल्याच पायरीवर अडखळून.

तिला धीर धरवेना. दोन्ही हात तोंडाशी नेऊन तिनं सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं सांगितलं, "व्हय!"

"अगं, हळू... आत्या आहेत इथे!"

"असू दे!" ती हसत पायऱ्या उतरत सुटली. "लिही खुशाल, ओरडली म्हणून! पण का ओरडली, तेही लिही!"