लॅपटॉप माझा, पासवर्ड त्याचा

लॅपटॉप मला विकला त्याच्या काकांनी आणि बोलणी खाल्ली त्याने. मी तणतणत त्यांच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात शिरले तेव्हा काउंटरमागे तोच बसला होता. डोळ्याला भिंग लावून औषधाच्या डबीत बारके स्क्रू ठेवत होता.

"हा लॅपटॉप माझा आहे ना?" तो आपटणार होते मी, पण माझाच म्हणून हळू ठेवला.

त्याने भिंग वर केलं. "पावती तुमच्या नावावर असेल तर तुमचाच."

"मग साधा प्रिंटर जोडायचा तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो. कोण हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर?"

"मी," तो म्हणाला आणि ओशाळला.

त्याने सेटिंगमध्ये जाऊन माझं खातं उघडून दाखवलं. "इथे नावाखाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' असं दिसायला हवं. तुमच्या नावाखाली नाहीये. मशीन दुरुस्त करताना मी माझं खातं ठेवतो. विकताना तुम्हाला हक्क द्यायचे... राहिलेच."

"घरी आमचा दादा आहे. मी साधा बल्ब बदलायला स्टुलावर चढले तरी 'तुला नाही जमायचं, उतर' म्हणतो. आता दुसरा नकोय मला."

"मी कुठे उतर म्हणालो?"

मला हसू आलं होतं, पण मी ते दाबलं. रागात मध्येच हसलं की राग फुकट जातो. त्याने पासवर्ड टाकून प्रिंटर जोडून दिला. मला कारखान्यात जायचं होतं. मी शिवणाच्या कारखान्यात कपड्यांचे नमुने कापते, आणि आमची पर्यवेक्षक पाच मिनिटांचा उशीर दिवसभर ऐकवते. "हक्कांचं पुढच्या वेळी बघू," तो म्हणाला आणि मी निघाले.

पुढची वेळ आठवड्यातच आली. स्कॅनर जोडायचा होता.

"या, मालकीणबाई," तो म्हणाला.

"टाका पासवर्ड, परवानगीसाहेब."

"टाकतो, पण... तिकडे बघा."

मी कीबोर्डवरून नजर वळवली आणि ती पडली त्याच्या शर्टावर. उजवी बाही खांद्यावरून बोटभर खाली घसरलेली होती.

"कोणी शिवला हा शर्ट?"

"का? वाईट दिसतो?"

"शर्ट वाईट दिसतो. तुमच्याबद्दल मी काही बोलले नाही."

त्याचे कान लाल झाले. चुकीचा पासवर्ड पडला, मग पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा बरोबर पडला, आणि मला उगाच वाटलं की आणखी एकदा चुकला असता तर बरं झालं असतं. घरी आई म्हणाली, "भांडायला जातेस की नटून जातेस?" मी तिच्यावरही चिडले.

मग तो शुक्रवार आला. एका मोठ्या कारखान्यात नमुने आता संगणकावर काढतात. तिथल्या जागेसाठी मला चाचणी मिळाली होती. कोटाच्या बाहीचा नमुना त्यांच्याच सॉफ्टवेअरवर काढून संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा. अकरा वर्षं कागदावर कापलेल्या हातांना ही एकच संधी होती. सकाळी सॉफ्टवेअर टाकायला घेतलं आणि समोर तीच चौकट आली, त्याचं नाव आणि पासवर्डाची रिकामी जागा.

बारा वाजता दुकानात पोचले. माझ्याआधी एक निवृत्त मास्तर लॅपटॉप न्यायला आले होते. तो त्यांना समजावत होता, "नावाखाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' दिसतंय ना, मास्तर? आधी ते तपासा, मगच घरी न्या. मी कुणालाही त्याशिवाय मशीन देत नाही."

मास्तर गेले. मी जागची हलले नाही.

"कुणालाही देत नाही?"

त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"पहिल्यांदा खरंच राहिलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा... नाही. हक्क दिले असते तर तुम्ही पुन्हा आला नसता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून मोठा संताप याचा, की ते ऐकून आत कुठेतरी बरंही वाटलं.

"आवडले होते तर विचारायचं. माझ्या वस्तूला स्वतःचं कुलूप लावून मला वाऱ्या करायला लावल्या? आज पाच वाजता माझी नोकरी जाईल, मिळण्याआधीच."

"चूक झाली," तो म्हणाला. सबब एकही सांगितली नाही.

"आधी तुमचं खातं उडवा."

"आधी तुम्हाला हक्क देतो. माझं आधी उडवलं तर मशीनला कुणीच मालक उरणार नाही." त्याने माझ्या खात्याचा प्रकार बदलला, स्वतःच्या खात्यातून बाहेर पडला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "आता तुमच्या नावाने आत जा आणि तपासा. माझं खातं तुम्हीच काढा."

माझ्या नावाखाली तो शब्द आला होता. मी त्याचं खातं निवडलं आणि काढून टाकलं. तो बघत उभा राहिला.

"आता माझ्याकडे यायचं काही कारण उरलं नाही," तो हळूच म्हणाला.

"नाहीच उरलं," म्हणून मी निघाले.

बाही पाचला बारा मिनिटं कमी असताना गेली. सोमवारी नोकरी मिळाल्याचा फोन आला. दादा म्हणाला, "जमलं की गं तुला." पण राग काही जाईना. लॅपटॉप आता कशालाच नाही म्हणत नव्हता, आणि त्याचाही मला राग येत होता.

नवव्या दिवशी मी लॅपटॉप घरी ठेवून दुकानात गेले. तो तोच शर्ट घालून बसला होता.

"काही बिघडलं?" तो दचकून उठला.

"काही नाही. मी अजून चिडलेलीच आहे."

"असणारच." त्याने भिंग काढून ठेवलं. "तरी आज विचारतो. नाही म्हणालात तरी चालेल. मला तुम्ही आवडता. काम नसतानाही येत जाल?"

मी पर्समधून मापाची टेप काढली आणि काउंटरच्या आत गेले.

"आमच्या कामात विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला टेप लावत नाहीत," मी म्हणाले. "ती बाही मला बघवत नाही. माप घेऊ?"

"घ्या," तो म्हणाला, आणि त्याने हात वर केला.