उरलेला टाक

“मेल्याला कितीदा पुसलं तरी ओला तो ओलाच,” वत्सलाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मी त्यांच्या मुलाच्या, किशोरच्या, छातीचं माप घेत होते. खडू माझ्या दातांत होता, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. वत्सलाबाई शेजारी पाटावर बसून चिंचेच्या कोळानं देवघरातले टाक घासत होत्या. होळी तोंडावर आली होती आणि किशोरला वीराचा झगा शिवायचा होता.

आमच्याकडे घरातलं कुणी अकाली गेलं, घाताअपघातात किंवा लढाईत गेलं, तर त्याचा वीर बसवतात. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावरचा माणूस ठोकलेला. तो टाक. धुळवडीला घरातला पुरुष झगा-फेटा घालतो, खोबऱ्याच्या वाटीत टाक ठेवून नाचत गंगेवर नेतो, त्याला अंघोळ घालतो आणि घरी आणतो. गंगा म्हणजे गोदावरी. नाशिकच्या माणसाला ती गंगाच.

वीर अंगात येतो म्हणतात. मी कित्येक वर्षं वीरांचे झगे शिवते. अंगात येणाऱ्याला काखेत सैल लागतं आणि न येणाऱ्याला पोटात, एवढाच फरक मला आढळलेला आहे.

“दाखवा बघू,” खडू काढून मी म्हटलं.

वत्सलाबाईंनी टाक माझ्या तळहातावर ठेवला. चांदी झिजलेली होती, माणसाचा चेहरा पार सपाट. पदरानं मी तो कोरडा केला. बघता बघता पत्र्यावर बारीक थेंब धरले, उन्हाळ्यात माठाला धरतात तसे. वास मात्र माठाचा नव्हता. गाळाचा होता.

“दमट हवा,” मी म्हटलं.

“फाल्गुनात?” किशोर म्हणाला. वत्सलाबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले.

तो टाक त्यांच्या घरचा नव्हता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

आदल्या सप्टेंबरात, दोन हजार आठ साली, पूर आला होता. गंगेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की दुकान आवरायचं आणि छातीला लागलं की घर, ही आमच्या पंचवटीकडची रीत. त्या वेळी आवरायला उसंतच मिळाली नाही. मी नाशिकरोडला बहिणीकडे होते. पाणी ओसरल्यावर परतले तर माझं शिलाई मशीन गाळात मान खाली घालून बसलेलं, गुन्हेगारासारखं. भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर तपकिरी रेघ. घराघरांतली देवघरं वाहून एकाच कोपऱ्यात, वत्सलाबाईंच्या जिन्याखाली, येऊन अडकलेली.

माणसं वाचली होती. ती सहादूमुळे.

सहादू पेठ तालुक्यातल्या डोंगरातला. फौजेत होता. कारगिलहून आला तो एक कान आणि झोप तिकडेच ठेवून. आईबाप गेलेले, लग्न केलेलं नाही. एका मंगल कार्यालयावर वॉचमन होता आणि वत्सलाबाईंच्या जिन्याखाली राहायचा. दिवाळीत माळ लागली की हा रस्त्यात पालथा, दोन्ही हातांनी डोकं झाकून. लोक हसायचे. मग तोही उठून हसायचा आणि माझ्याकडे यायचा. “ताई, पँटचा गुडघा गेला वं परत.” त्याच्या पँटींना मी इतकी ठिगळं लावली की मूळ कापड शोधावं लागायचं. पैसे घेतले नाहीत म्हणून तो माझ्या कात्र्यांना धार लावून द्यायचा.

पुराच्या दिवशी त्यानं देवळाच्या खांबापासून वत्सलाबाईंच्या वरच्या गॅलरीपर्यंत दोर बांधला आणि खालच्या घरांतली माणसं एकेक करून त्या दोराला धरून आणली. म्हातारी, बाळंतीण, सगळी. शेवटी किशोरला. मग?

“मग,” वत्सलाबाई म्हणाल्या, “सहादू वाहून गेला. हाताला लागला नाही.”

मी कोंडाजींना विचारलं, वत्सलाबाईंचे दीर, त्यांनी हेच सांगितलं. शेजारच्या ललितनंही हेच. सहादू वाहून गेला, हाताला लागला नाही. शब्द तेच, क्रम तोच. पाढे म्हटल्यासारखे. एरवी या गल्लीत मांजर व्यायलं तरी पाच जणांच्या पाच कथा असतात.

गाळातून टाक निघाले ते घमेल्यात गोळा केले. जो तो आपापला ओळखून घेऊन गेला. एक उरला. हा.

“कुणाचा गं हा?” मी सहज विचारलं होतं. अख्खी गल्ली होती तिथं. जो तो हातातला टाक पुसायला लागला. रीत अशी की बेवारशी टाक गंगेत सोडून द्यावा. पण वत्सलाबाई पुढं झाल्या, टाक उचलला आणि म्हणाल्या, “आमचा आहे.”

चूक झाली ती तिथं. वीराला एकदा आपला म्हटलं की तो आपला. मग त्याला घरच्या पुरुषानंच नाचवायचा असतो.

त्यांनाही ते कळलं असावं, कारण दिवाळीनंतर कोंडाजी तो टाक आटवायला सराफाकडे घेऊन गेले. चांदी वितळवायची मूसच तडकली. सराफानं हात जोडून टाक परत दिला. कोंडाजी दुकानाबाहेर आले, सायकल घ्यायला शेजारच्या उघड्या, रिकाम्या दुकानाच्या ओट्याला हात टेकला आणि त्या दुकानाचं शटर वरून सुटलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. आत कुणी नव्हतं. शटर कुणी ओढलं नव्हतं.

“गंजलं असेल,” मी म्हटलं. गंजतातच शटरं.

संक्रांतीनंतर ललितनं टाक पुलावरून गंगेत फेकला. रसवंती आहे त्याची, उसाच्या रसाची. दुसऱ्या दिवशी चरकात ऊस सारताना त्याचा हात आत गेला. गिऱ्हाईक बाकावर बसलेलं होतं, ते सांगत होतं की चरक बंद होता, घुंगरू वाजत नव्हते. चाक मागून कुणी फिरवावं तसं आपोआप फिरलं. मी धावत गेले तेव्हा रसाच्या पातेल्यात फेस गुलाबी झाला होता आणि ललित आपल्या हाताकडे बघत होता, दुसऱ्याचा असल्यासारखा. उजवा हात. तीन बोटं.

त्या संध्याकाळी टाक वत्सलाबाईंच्या देवघरात होता. रांगेत, आपल्या जागी. खालचं लाल कापड भिजलेलं.

योगायोग दोनदा होतो, असं मी स्वतःला समजावलं. मशीनवर माझीही सुई दोनदा बोटातून आरपार गेलेली आहे.

झगा शिवून झाला त्या दिवशी किशोरची बायको सविता तो न्यायला आली. झग्याला हात न लावता ती उंबऱ्यातच बसली.

“ताई, ह्यांना नाचू देऊ नका.”

“मी कोण गं नको म्हणणारी? सासूला सांग तुझ्या.”

“आई ऐकत नाहीत. म्हणतात, आता नाही नाचवला तर घरात येईल.” तिनं पदराचं टोक पिळलं. “हे मेकॅनिक आहेत, ताई. द्वारका चौकात गॅरेज उघडून वर्ष नाही झालं. हात गेला तर आम्ही काय खायचं? आणि हातावरच थांबेल कशावरून?”

“किशोर काय म्हणतो?”

“बोलत नाहीत. झोपेत उजवा हात वर धरतात. असा. कुणीतरी ओढून घ्यावं म्हणून धरतात ना, तसा.”

मी झगा तसाच ठेवून वत्सलाबाईंकडे गेले. त्या देवघरापुढचं ओलं पुसत होत्या.

“मावशी, त्या दिवशी वर गॅलरीत कोण कोण होतं?”

पुसणारा हात थांबला. “कोणत्या दिवशी?”

“आता काय तिथी सांगू?”

“कोंडाजी होते. ललित होता. मी होते. किशोर नुकताच वर आला होता.” त्यांनी फडकं उलटं केलं. “तू नव्हतीस, मोहिनी. जी नव्हती तिनं विचारू नये.”

“दोर तुटला का?”

“सहादू वाहून गेला,” त्या म्हणाल्या. “हाताला लागला नाही.”

फडकं त्यांनी मोरीत पिळलं. पाणी तपकिरी होतं. पुन्हा पिळलं. तपकिरीच.

धुळवडीला ऊन चांगलंच तापलं होतं. दुपार कलली तशी गल्ल्यागल्ल्यांतून हलगी सुरू झाली. रंगानं माखलेली पोरं, खोबऱ्याच्या वाट्या, गोंड्याचे फेटे. किशोरला मीच झगा चढवला. काखेत सैल ठेवला होता. का, ते मला सांगता येणार नाही. बंद बांधताना त्याच्या पाठीला हात लागला तर कापड गार आणि जड, नुकतं पिळून घातल्यासारखं.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “मला त्यानं खालून ढकललं होतं. वर. मी आधी आलो.”

“कुणी?”

वत्सलाबाई वाटी घेऊन आल्या होत्या.

तो बरा नाचला सुरुवातीला. उजव्या हातात वाटी, पावलं हलगीबरोबर. सविता मागून कळशी घेऊन चालत होती. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

किशोर रस्त्यात पालथा पडला. दोन्ही हात डोक्यावर.

कुणी हसलं नाही. हलगी थांबली.

तो उठला नाही. कोपरांवर सरपटायला लागला, वाटी डाव्या हातात घेऊन, भराभर, वाकडातिकडा. शिकल्याशिवाय तसं सरपटता येत नाही. आणि गंगेकडे नव्हे. परत घराकडे. त्याच्यामागं डांबरावर ओला पट्टा उमटत होता, त्यात बारीक गाळ.

“किशोर!” सविता ओरडली. कळशी आपटली.

घराशी येऊन तो भिंतीवर चढला. खिडकीच्या गजावर पाय, पाइपावर पाय, आणि एका उडीत उजव्या हातानं वरची गॅलरी धरली. पत्र्याची गॅलरी, लोखंडी अँगलवर टाकलेली. तिच्या कडेला तो एका हातानं लटकला. पाय एका बाजूला ताणले गेले होते, जोरदार पाण्यात ताणले जातात तसे. गल्ली कोरडी ठणठणीत होती.

माणसांनी त्याचे पाय धरले. ओढलं. हलला नाही. त्यांच्या हातांना पाणी लागलं तसं त्यांनी पाय सोडले.

मी जिन्यानं वर धावले. माझ्या पुढं वत्सलाबाई, मागं कोंडाजी आणि ललित, दोघांचे तीन-तीन बोटं गेलेले हात छातीशी.

गॅलरीच्या कडेवर किशोरची बोटं होती. नुसती बोटं. नखं पांढरी पडलेली.

“वर घ्या ना त्याला,” मी ओरडले. तिघांपैकी कुणी हललं नाही.

मग आवाज झाला. धप्प. दगड पडावा तसा. तिथं दगड नव्हता, कुणाच्या हातात काही नव्हतं. किशोरची करंगळी आमच्या डोळ्यांदेखत चेपली आणि पत्र्यावर रक्त उडालं. माझ्या पायांवर आलं. गरम होतं.

खालून त्याची किंकाळी. आणि सविताची.

धप्प.

दुसरं बोट. हाड बाहेर आलं. ललित भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि ओकला.

मी वाकून किशोरचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. माझ्याच वजनानं मी मागं ओढत होते आणि पलीकडून ओढणारं जे होतं ते थकत नव्हतं. माझ्या तोंडावर गार पाणी उडत होतं. कोंडाजी पुटपुटत होते, वाहून गेला, वाहून गेला, हाताला लागला नाही.

“मावशी!”

वत्सलाबाई खाली बसल्या. सावकाश, पाटावर बसतात तशा. त्यांनी आपला तळहात मुलाच्या बोटांवर पसरून ठेवला. झाकण ठेवल्यासारखा.

“गॅलरी खचत होती,” त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता. “अँगल वाकला होता. माझं पोर वर होतं, नुकतं आलेलं. आणि हा इथं धरून. एकाच हातानं. मला म्हणाला, आई, हात द्या.”

“वहिनी, गप्प बसा,” कोंडाजी म्हणाले.

“कोंडाजींनी दोर सोडला. ललितनं दार ओढून घेतलं, आतल्या कुणी बघू नये म्हणून. मी वरवंटा आणला.”

तिसरा आवाज झाला नाही.

किशोर सैल पडला. खालच्या माणसांनी त्याला झेललं, ते मला आवाजावरून कळलं. माझे हात रिकामे होते आणि ओले. खाली सविता त्याचं नाव घेत होती, पुन्हा पुन्हा, आणि कधीतरी त्यानं ओ दिली.

वत्सलाबाईंनी हात पत्र्यावरून उचलला नाही.

“सहादू वाहून गेला नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही मारला त्याला. तीन बोटं इथंच राहिली होती. दुसऱ्या दिवशी निर्माल्याबरोबर गंगेत सोडली.”