मार्चमध्ये बंद झालेली भट्टी

"पाकीट फुटलेलं नाही, कपाटाचं कुलूप शाबूत, आणि तरी वर्गातल्या एका मुलीला शेवट ठाऊक!" मॅनेजमेंट कॉलेजच्या प्राध्यापिका धपकन खुर्चीत बसल्या. "संध्याकाळी समिती बसतेय. चोरी ठरली, तर तिचं नाव कॉलेजातून कमी होईल."

वहिनींनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. शोधकाम त्यांचं, नोंदवही त्यांच्या दिरांची, म्हणजे भावजींची.

प्रकरण असं. एका बिस्किट कारखान्याची खरी हकिगत दोन भागांत शिकवायची. पहिला भाग वाचून मुलांनी मालकाच्या जागी बसून निर्णय घ्यायचा. मालकाने खरोखर काय केलं, तो दुसरा भाग, तासाच्या शेवटी बंद पाकिटातून. यंदा बाईंनी एआयलाच मालक केलं होतं. मुलांनी आदल्या दिवशी संगणकावर त्याला प्रश्न विचारायचे.

"त्याला दुसरा भाग दिला होतात?" वहिनींनी विचारलं.

"छे! गेल्या आठवड्यात पहिला भाग दिला, आणि तास कसा घ्यायचा याचं माझं जुनं टिपण. बोलण्यात जरा मालकपणा यायला हवा ना!"

कपाटाची किल्ली सांभाळणारे कारकून फुरंगटूनच आले. "दहा वर्षं किल्ली माझ्याकडे आहे, ताई. परवा खऱ्या मालकांचा फोन आला, महिना चुकलाय म्हणून. मॅडमनी दुसऱ्या भागाच्या प्रत्येक प्रतीत 'मार्च' खोडून 'एप्रिल' केलं. मग मी पाकिटं चिकटवली."

"म्हणजे तुम्ही वाचलंत!" भावजी सरसावले.

"वाचलं की. डोळे मिटून चिकटवू?"

मुलीचे डोळे सुजले होते. "मी संगणकावरच्या मालकालाच विचारलं, कशाची रुखरुख लागते? तो म्हणाला, मार्चमध्ये मोठी भट्टी बंद केली, त्याची. वर्गात मी तेच सांगितलं. पण खिडकी बंद केली की संभाषण पुसलं जातं, म्हणून कुणाला पटत नाही."

"बाकीच्यांनी काय विचारलं?"

"मैद्याचा भाव. विक्री."

भावजी कानाशी लागले. "वहिनी, कारकूनच. लिहून देतो."

"नका लिहू, भावजी. पाकिटातून फुटलं असतं, तर ती एप्रिल म्हणाली असती. मार्च आता उरलाय कुठे?" त्या प्राध्यापिकांकडे वळल्या. "तुमच्या जुन्या टिपणात. दुसरा भाग तुम्ही दिला नाहीत, खरंय. पण शेवटाकडे वर्ग न्यायचा, तर टिपणात शेवट लिहावाच लागतो."

प्राध्यापिकांनी टिपण उघडलं. तिसऱ्या पानावर भट्टी होती, मार्च होता. त्यांनी यंत्राला मुलीचाच प्रश्न विचारला. मालक लगेच हळहळला, मार्चसकट.

"आमच्या थोरलीला मी तिच्या बाबांसाठी आणलेली वाढदिवसाची भेट दाखवली," वहिनी हसल्या. "बाबांनी विचारलं, आज काय केलंस? तिने रंगासकट सांगितलं. लपव, असं मी म्हटलंच नव्हतं."

भावजींनी वहीत आधीच लिहिलेलं कारकुनांचं नाव गुपचूप खोडलं.

प्राध्यापिका उठून मुलीपाशी गेल्या. "चूक माझी आहे. समितीला मी स्वतः सांगते. पण साठ जणांत रुखरुख तुलाच कशी सुचली?"

"फार थकल्यासारखा बोलत होता, मॅडम. वाटलं, याला कुणीतरी विचारायला हवं."

बाळ झोपलं होतं. प्राध्यापिकांनी पेन काढलं, टिपणातला आपला पहिला प्रश्न खोडला आणि तिथे तिचा लिहिला.