एकी की बेकी

काम तसं साधं होतं. वहिनीकडे जायचं, पट मागायचा, गाडीत टाकायचा आणि परत यायचं. वाटभर ताईने स्वतःची हीच समजूत घातली होती. पण दारापाशी पोचल्यावर बेल दाबायला तिचा हात काही धजेना.

स्टुडिओत तिला सगळे टकटकताई म्हणत. चित्रातल्या माणसाला स्वतःचा आवाज नसतो. तो कुणीतरी द्यावा लागतो. चित्रातला माणूस चालला की बंद खोलीत ताईने चालायचं, त्याने कागद चुरगळला की तिनेही चुरगळायचा. ती आणि तिचा थोरला भाऊ, दादा, दोघं मिळून गेली काही वर्षं एका ॲनिमे मालिकेचे आवाज करत होती. मालिका होती गो या खेळावरची. रेघारेघांचा लाकडी पट, एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. आळीपाळीने एकेक ठेवत समोरच्याला घेरत जायचं. ना मारामारी, ना प्रेमप्रकरण. अर्धा भाग तर एकजण नुसता विचार करत बसलेला असे. हे कोण कुत्रं बघणार, असं ताईला वाटलं होतं. पण लोक अक्षरशः वेडे झाले. तिचा दातांचा डॉक्टर तिच्या तोंडात नळी खुपसून सांगायचा, "खेळातलं मला ओ की ठो कळत नाही हो, पण तो खडा टक् वाजला ना, की अंगावर काटा येतो!" तोंडात नळी असल्यामुळे ताई नुसती मान डोलवायची.

काळ्या खड्याचा टक् दादाचा, पांढऱ्याचा तिचा. पण खरी करामत दादाचीच. दिग्दर्शक म्हणे, जोरात वाजवा. दादा त्याला धूप घालत नसे. "आवाज खड्यात नाहीये," तो म्हणायचा, "त्याच्या आधीच्या थांबण्यात आहे. लोक खेळ बघत नाहीत गं, थांबणं बघतात. समोरचा खेळेल, म्हणून एक माणूस गप्प बसून राहतो. घरी कोण कोणासाठी एवढं थांबतं?"

कुणी कोणता रंग घ्यायचा हे ठरवायला तो मुठीत खडे घेऊन मूठ पुढे करी. "एकी की बेकी?" ताई लहानपणापासून हटकून एकी म्हणायची आणि हटकून हरायची. दादाच्या मुठीत कायम दोनच निघायचे. तरी तिने हट्ट सोडला नव्हता.

मग स्टुडिओत काटकसर सुरू झाली. दोघांपैकी एकालाच ठेवायचं ठरलं. ताई म्हणाली, "मी बोलते वरती. दोघं, नाहीतर कुणीच नाही."

"बोल," दादा म्हणाला. "मी थांबतो."

ती बोलली नाही. आज बोलू, उद्या बोलू करता करता दादाची खुर्ची उचलली गेली आणि ती मूग गिळून बसली. दोघांचा घरचा एक डाव तेव्हा अर्ध्यावर होता. पट दादाकडे, ताई फोनवरून खेळी सांगायची आणि दादा तिचाही खडा ठेवायचा. खेळी तिची होती. पण फोन कोणत्या तोंडाने करणार? शेवटी फोन आला तो वहिनीचा, आणि तोही दादाचं सगळं आटोपल्यावर.

ताईने बेल दाबली. वहिनीने दार उघडलं. आत या असं ती म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली.

"मालिकेच्या शेवटच्या भागासाठी पट हवा होता," ताई म्हणाली. "नव्या पटावर तो आवाजच येत नाही. लाकूड कच्चं आहे."

"लाकूड कच्चं आहे," वहिनी म्हणाली. "बरं. खिडकीपाशी आहे. न्या."

पट मांडलेलाच होता. डाव होता तसा होता. खड्यांवर धुळीचा कण नव्हता, मधल्या रेघांवरसुद्धा नव्हता. एकाही खड्याला धक्का न लावता वहिनी रोज पट पुसत असणार. जवळ गेल्यावर निलगिरीच्या तेलाचा वास आला. दादा ते दुखऱ्या मनगटाला चोळायचा.

"मी नाही मोडला," वहिनी म्हणाली. "तुमचा डाव आहे, तुम्हीच मोडा."

"वहिनी, दादा काही म्हणाला होता का… माझ्याबद्दल?"

"ते काय म्हणणार? खेळी तुमची होती ना. तुम्ही खेळलात की लगेच ठेवता यावा, म्हणून काळा खडा हातात घेऊन बसायचे. जेवतानासुद्धा. फोन वाजला की धावायचे, तो निघायचा बँकेचा." वहिनीने पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. "गेले तेव्हाही तो मुठीतच होता. मूठ उघडेना. दोघांनी ओढून बघितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, वन्सं? तशीच नेली. तेव्हा एक काळा कमी भरेल. माझ्याकडे शोधायला येऊ नका."

ताईला वाटलं, निदान डावाचा फोटो काढून ठेवावा. पण वहिनीची नजर पाठीत रुतत होती. तिने दोन्ही हातांनी खडे गोळा केले, भराभरा वाट्यांमध्ये ओतले आणि पट उचलला. पुन्हा या घराची पायरी चढायची नाही, असा तिने उतरता उतरता कानाला खडा लावला.

स्टुडिओत पोचली तेव्हा रस्त्यावर रणरणतं ऊन होतं. पण आवाजाच्या खोलीत दुपार नसते आणि रात्रही नसते. भिंतींना फोम, दाराला फोम. दार लागलं की बाहेरचं जग कुणी पुसून टाकल्यासारखं होतं, आणि मग आपल्याच कानशिलातलं रक्त ऐकू येऊ लागतं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसला होता. ताईने पट मांडला. लाकडाचा जुना वास आला आणि त्यामागून निलगिरीचा.

शेवटचा प्रसंग असा होता. म्हातारा उस्ताद काळ्या खड्यांनी खेळतोय. तो वाटीत हात घालतो, खडे चाळवतो आणि हात रिकामाच बाहेर काढतो. आपण हरलो, हे त्याला कळलेलं असतं. त्यापुढे पडद्यावर आवाज नाही, नुसती शांतता.

ताई दोन्ही बाजू एकटीनेच खेळत होती. काळा, टक्. पांढरा, टक्. पट खरंच गुणी होता. मग तिने काळ्या वाटीत हात घातला. खुळखुळ झालं. तिने रिकामा हात मांडीवर ठेवला आणि श्वास रोखून बसली.

शांतता लांबली. फारच लांबली.

टक्.

रेकॉर्डिस्टने हेडफोन काढला. "ताई, हा जादाचा कशाला?"

"मी नाही केला."

"अहो, असं कसं…"

"माझे हात मांडीवर होते. वाजव बघू पुन्हा."

त्याने वाजवलं. खुळखुळ. मग ते थांबणं आलं. हे थांबणं ताईच्या ओळखीचं होतं. तिने जन्मभर त्याच्यासमोर बसून ते ऐकलं होतं. आणि मग, टक्.

"हे तर दादांचं आहे," रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला. "झोपेतसुद्धा ओळखीन मी. जुनं काहीतरी मिसळलं असणार…"

"तू मिसळलंस?"

"नाही, ताई."

खोलीत निलगिरीचा वास आता इतका दाटला होता, की डोळे चुरचुरायला लागले. काळा खेळला होता. म्हणजे खेळी तिची होती. ताईचा उजवा हात पांढऱ्या वाटीकडे गेला, तिने नेला नव्हता. बोटांनी एक खडा उचलला आणि पटावर येऊन हात थबकला. ठेवायचा कुठे? समोर पटावर होता तो मालिकेतला डाव. त्यांचा डाव तिने सकाळीच दोन्ही हातांनी मोडला होता. तिने आठवून बघितलं. डाव्या कोपऱ्यात काय होतं? मधे कुणाचे खडे होते? काही म्हणजे काही आठवेना.

"दादा…" ती म्हणाली. "मला आठवत नाही रे."

समोर कुणीतरी थांबलं होतं, आणि त्या थांबण्याला घाई अजिबात नव्हती. ताईची बोटं एकेक करून तळव्यावर मिटली.

"ताई, मूठ सोडा," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "ताई… ऐकताय ना?"

दिग्दर्शकाने तो टक् ठेवला. "हरलेला माणूस, रिकामा हात, आणि तरी खडा वाजतो! क्या बात है!" शेवटचा भाग लोकांनी डोक्यावर घेतला. दातांच्या डॉक्टरने तर म्हणे तो पुन्हा पुन्हा पाहिला. श्रेयनामावलीत ताईचं नाव होतं, दादाचं नव्हतं.

ताईची मूठ मात्र सुटली नाही. शेक झाला, तेल झालं, मालीश झालं. डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलेत, आधी एक्स-रे काढा. एक्स-रे काढणारा पोरगेला आणि बोलघेवडा होता. थंड पाटीवर तिची मूठ नीट ठेवत तो म्हणाला, "लहान पोरासारखं काय धरून बसलात, मावशी? एकी की बेकी?"

"एकी," ताई म्हणाली. सवयीनेच निघालं तोंडातून. "एकच उचललाय मी. पांढरा."

थोड्या वेळाने त्याने फिल्म उजेडावर धरली, बघितली आणि हसला.

"हरलात की, मावशी. दोन आहेत."

ताईने मान वर करून पाहिलं. बोटांच्या हाडांमागे दोन गोल खडे एकमेकांना चिकटून होते. एक्स-रेत दोन्ही सारखेच पांढरे दिसत होते.