उलटा वेल

थोरलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. थोरली बाळंतपणात अडकली आणि हॉप्सच्या मळ्याचं सारं काम धाकट्या बहिणीच्या, धाकटीच्या गळ्यात पडलं. हॉप्सच्या वेलांची कडवट फुलं बिअरच्या कारखान्यात जायची. म्हणून कारखान्याने आपला एक माणूस महिनाभर मदतीला धाडला.

धुकं अजून खांबांवरून उतरलं नव्हतं. धाकटी येते तो काय, एक अनोळखी तरुण बांधावर बसून साप्ताहिकातलं शब्दकोडं सोडवतोय.

"दोन अक्षरी," तो मान वर न करता म्हणाला. "वेलावर वाढतात, ग्लासात उतरतात. सुचतंय का काही?"

"तुम्ही आलात कुठून?"

"बिअरच्या कारखान्यातून."

"आणि बसलायत कुठे?"

त्याने वर पाहिलं. खांबाखांबांतून सोडलेल्या दोऱ्या... आणि दोऱ्यांच्या पायाशी कोवळे हिरवे शेंडे.

"हॉप्स," तो पुटपुटला आणि कानापर्यंत लाल झाला. "आमच्याकडे ते वाळून गोणीत येतात हो. असे जिवंत कधी बघितले नव्हते."

कोडं तिच्या बाबांनीच रचलेलं होतं. हे तिने त्याला चांगल्या चार दिवसांनी सांगितलं.

काम दिसायला सोपं. शेंडा उचलायचा, दोरीला गुंडाळायचा. त्याने दिवसभर खपून अख्खी ओळ लावली. सकाळी बघतो तर सगळे वेल दोऱ्या सोडून जमिनीवर लोळतायत.

"कुणी काढले?"

"कुणी नाही. तुम्ही उलटे गुंडाळलेत. हा वेल सूर्य फिरतो तसाच फिरतो. उलटा लावला की स्वतःला सोडवून घेतो."

"हट्टी दिसतोय."

"इथलं सगळंच हट्टी आहे. जपून राहा."

तिने त्याच्या बोटांवर बोटं ठेवून शेंडा वळवून दाखवला. वेलाच्या खरखरीत देठाने त्याच्या मनगटावर ओरखडा उठला. दिवसभर तो त्या ओरखड्याकडेच बघत होता.

दुपारी ती दोघं शेडच्या माळ्यावर, गेल्या सालच्या फुलांच्या गोण्यांना टेकून बसत. त्या वासाने डोळे जड होत. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटे... आणि जाग आली की दुसरा तेच वाक्य पुढे नेई.

पुढे त्याचा हात बसला. तरी रोज सकाळी त्याच्या ओळीत एक वेल सुटलेला सापडे. एकच.

"आज पुन्हा?"

"काय करू, हात वळत नाही."

"बाकीच्यांना बरा वळतो?"

"सगळेच नीट लावले तर तुम्ही माझ्या ओळीत कशाला याल—" तो बोलून गेला, आणि उगाच दोरीची गाठ तपासू लागला.

धाकटी हसली. सुटलेला वेल तिने पुन्हा दोरीवर चढवला.

महिना सरला. कारखान्यातून बोलावणं आलं. एरवी धाकटी कुणाला बोलण्यात हार जायची नाही, पण 'राहा' एवढा शब्द तिच्या तोंडून फुटेना. निघायच्या सकाळी तो बॅग घेऊन तिच्या ओळीपाशी आला आणि थबकला. पहिलाच वेल नुकताच गुंडाळलेला होता... उलटा.

"हा कुणी लावला?"

"मी."

"तुम्ही तर कधी चुकत नाही."

"आजही नाही चुकले." ती शेंड्याकडेच बघत होती. "उद्या सुटलेला असेल तो. सरळ करायला माणूस लागेल. आणि उद्याही मी एक उलटाच लावणार आहे."

"परवा?"

"तू असलास तर परवाही."

'तू' पहिल्यांदाच आलं होतं. दोघांनीही ऐकलं.

शेडमधून बाबांचा आवाज आला, "जावईबापू, बॅग ओळीबाहेर ठेवा. शेंडे चिरडतायत."

त्याने बॅग बांधावर ठेवली, ती कायमची. पुढे दरसाल तिच्या ओळीत त्याला एक उलटा वेल सापडत राहिला, आणि त्याच्या ओळीत तिला.

थोरलीच्या जुळ्यांतल्या मुलीला नातू झाला, त्या वर्षी फुलं तोडायच्या दिवसांत धाकटीचा नवरा वारला. धाकटी त्याच्या मागोमाग, पुढच्या वसंतात, दोऱ्या बांधून झाल्यावर गेली.