जोडी अपुरी कुणाची?

त्याने आधी माझा हात धरलाच नाही. त्याने धरला माझ्या बॅगेचा पट्टा.

दरीच्या काठावरून पुढे काढलेला लोखंडी सज्जा होता तो. खाली घळ इतकी खोल, की नदी उसवलेल्या दोऱ्यासारखी दिसत होती. फोटो काढून सगळे चहाच्या टपरीकडे पांगले होते. मीही वळले, तर बॅग मागून ओढली गेली.

"सोडा," मी म्हटलं.

"सोडायचंय हो... पण हात ऐकत नाहीये."

बघते तर स्वारीने डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, तोही त्या बोचऱ्या थंडीत! आणि हा म्हणे माझा जोडीदार.

सकाळी बस सुटतानाच वाटाड्याने आम्हा प्रवाशांच्या दोघादोघांच्या जोड्या लावल्या होत्या. त्याची पद्धत साधी. स्वतःची हजेरी द्यायची नाही, आपल्या जोडीदारावर डोळा ठेवायचा. गाडी सुटताना तो एकदाच ओरडणार, "जोडी अपुरी कुणाची?" कुणी बोललं नाही, की चलो. माझ्याबरोबर आलेल्या मावशीला शेजारी गप्पिष्ट बाई मिळाल्या, तिने मला बिनदिक्कत मागच्या सीटवर ढकललं, उलटीची गोळी घेतली आणि डोळे मिटले. मागच्या सीटवर हा. जाड भिंगांचा चष्मा, लांब पाय कुठे ठेवावेत या पेचात, आणि काम काय, तर लिफ्ट दुरुस्त करणं.

"लिफ्टवाले असून उंचीला घाबरता?" त्याचं एकेक बोट सोडवत मी विचारलं.

"लिफ्टच्या बोगद्यात अंधार असतो. खाली किती आहे ते दिसतच नाही."

"मग इथे कशाला तडमडलात?"

"मित्राचं तिकीट होतं, त्याचा पाय मुरगळला. म्हटलं, फुकट ते पौष्टिक."

हसू आलं, पण मी ते दाबलं. त्याला पाठमोरा चालवत, एकेक पाऊल मागे घेत सज्ज्यावरून आणला. टपरीपाशी पोचलो तेव्हा बाकं रिकामी होती आणि वळणावर धूळ उडत होती.

"आपली बस..." मी म्हटलं.

"वाटाड्याने विचारलं असणार, जोडी अपुरी कुणाची," तो हळूच म्हणाला. "आणि आपल्याबद्दल ओरडणारे आपण दोघंच. दोघंही इथे!"

तो हसला. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

त्याचं कारण सांगते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि मला लहानपणापासून दमा आहे. डोळे तपासत गावोगाव फिरणाऱ्या एका गाडीवर मला नोकरी मिळाली होती. वर्षभर याच डोंगरांत, वरच्या पठारावर मुक्काम. आईने ऐकलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. "त्या हवेत तुला श्वास तरी पुरेल का?" शेवटी तिने अट घातली. झुलत्या पुलापासून पठारापर्यंतची चढण स्वतःच्या पायांनी चढून दाखवायची. गाडीत बसलीस, तर नोकरीचं नाव काढायचं नाही. साक्षीला मावशी. मनात आणलं असतं तर मी तशीही गेले असते. पण माझ्या उशाशी बसून आईने किती रात्री काढल्यात, ते मी विसरले नव्हते. तिला रडवून जायचं नव्हतं. आणि खरं सांगू? मला झेपतं का, हे मलाही कळायला हवं होतं.

हे सगळं मी त्याला एका दमात ऐकवलं. वर हेही सुनावलं, "दुपारी वारा सुटला की पूल बंद होतो. तुमच्या भीतीपायी माझं वर्ष गेलं!"

त्याने चष्मा सावरला. मग टपरीवाल्या बाईंकडे वळून म्हणाला, "पुलापाशी लवकर पोचायला दुसरी वाट आहे का हो?"

होती. खेचरांची वाट, थेट खाली उतरणारी. शेंडी तुटो की पारंबी, म्हणत मी पदर नसतानाही पदर खोचला आणि निघाले. तो मागून घसरत, धडपडत, पण एकदाही 'थांबा' न म्हणता येत राहिला. दोन्ही बाजूंना तांबड्या कड्यांच्या भिंती होत्या, म्हणजे खाली बघायला काही नव्हतं. त्यामुळे साहेबांना कंठ फुटला.

"रागावलात?"

"हो."

"किती?"

"खूप."

"रागात नाकाचा शेंडा लाल होतो तुमचा."

"थंडीने झालाय तो!"

"बरं... थंडीने छान दिसतो."

मी मागे वळले नाही. वळले असते, तर नाकाबरोबर गालही दिसले असते.

पुलापाशी बस उभी होती. मावशी धावत आली. "अगं, इथे येऊन डोळे उघडले, तर तू नाहीस! जीव टांगणीला लागला माझा!" वाटाड्याचा चेहरा पडला होता. गाडी उलटी फिरवणारच होता बिचारा. चढणीवर जाणारे त्याच्या मदतनिसाबरोबर पुढे गेले होते, आणि त्याला स्वतःला बसमधल्या वयस्कर मंडळींबरोबर रस्त्याने वर पोचायचं होतं.

"जायचं तर आत्ता," तो म्हणाला. "वाट बांधलेली आहे, चुकायची नाही. पण एकट्याला मी सोडत नाही. जोडी हवी."

सगळ्यांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं. लिफ्टवाल्याने पुलाकडे पाहिलं. दोन तारा, मध्ये फळ्या, फळ्यांमध्ये फटी आणि फटींतून खाली... त्याचे ओठ पांढरे पडले.

मावशीने मला बाजूला घेतलं. "बस गाडीत. आईला मी सांगते, चढली म्हणून. कोण बघायला येतंय?"

माझ्यावरच्या मायेनेच म्हणाली ती. क्षणभर वाटलं, काय हरकत आहे? पण वर्षभर त्या पठारावर श्वास मला घ्यायचा होता, मावशीला नव्हे.

"नको मावशी. मला खरंच चढायचंय."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. विनवणी करायची नाही, असं ठरवलं होतं. त्याच्या चष्म्यात माझा चेहरा एवढासा दिसत होता. एवढासा... अरे!

"नंबर किती?"

"काय?"

"चष्म्याचा!"

"उणे सात. का?"

"काढा."

तो बघतच राहिला. मग त्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी तो माझ्या डबीत ठेवला आणि बॅगेचा पट्टा पुढे केला. "धरा. आता दरी आहे कुठे?"

त्याने खाली पाहिलं, डोळे बारीक केले. "नुसतं तपकिरी काहीतरी आहे. गोधडीसारखं."

"मग चला गोधडीवरून."

पहिली फळी कुरकुरली. पट्टा ताणला गेला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"बॅग... वेणी... मान."

"मानेकडे कशाला बघताय?"

"दुसरं काही दिसतच नाही, माझा काय दोष?"

मध्यावर वाऱ्याचा झोत आला आणि पूल आडवा हलला. तो थबकला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, माझ्या दम्यापेक्षा वाईट.

"बोलत राहा," तो म्हणाला. "काहीही बोला. रागवा तरी."

"पलीकडे पोचलात तर रागावणार नाही."

"कधीच?"

"आज नाही."

"'आज'वरच... भागवतो," तो म्हणाला आणि त्याने पाऊल उचललं. पलीकडे पाय टेकले, तेव्हा तो मटकन खाली बसला आणि जमिनीवर थापट्या मारू लागला. मी हसले. इतकी हसले, की खोकला आला.

आणि मग माझी पाळी आली.

चढण म्हणजे नुसत्या पायऱ्या, कड्यात खोदलेल्या. अर्ध्यात माझ्या नाकी नऊ आले. हवा आत जाते आहे, पण पुरत नाही, असं ते असतं. पंप मारला, तरी छातीत शिट्टी वाजत होती. नेमकी तिथेच वाट रस्त्याला भेटत होती आणि आमची बस थांबली होती. दार उघडं. मावशी पायरीवर उभी, दांडा धरून.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रागाचं. स्वतःच्या छातीचा राग.

तो शेजारच्या दगडावर बसला. "एक सांगू? लिफ्ट पण एका दमात वर जात नाही. मजल्या-मजल्यावर थांबते. तिला कुणी नापास म्हणत नाही."

"चष्म्याशिवाय... फार दिसतं... तुम्हाला," मी धापा टाकत म्हटलं.

"ऐकू येतं. शिट्टी कमी झाली की निघू. मला काही घाई नाही, मला वर काय आहे तेही दिसणार नाहीये."

मी डोळे मिटले. नाकाने आत, ओठांनी बाहेर. सावकाश. मग मावशीला हात केला. "तू हो पुढे!" दार लागलं. बस गेली. आम्ही एक वळण चढायचो, थांबायचो. पुन्हा एक वळण. आता पट्टा त्याच्या हातात होता आणि बॅग त्याच्याच खांद्यावर. ती कधी घेतली, मला कळलंही नाही.

आणि अचानक पायऱ्या संपल्या. समोर सपाट गवत आणि त्यावर एवढं मोठं आभाळ. मी उभी होते. माझ्या पायांवर!

मावशीने रडत रडत आईला फोन लावला. "आली गं तुझी लेक वर. पायांनी!" मग मावशीने फोन बाजूला करून मला विचारलं, "आई म्हणतेय, वर्षभराला दोन स्वेटर पुरतील का?"

मग मात्र मी ढसाढसा रडले.

ऊन उतरायला लागलं, तशी सगळी मंडळी परतीसाठी बसमध्ये चढली. मी डबीतून त्याचा चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि माझ्या हातांनी त्याच्या कानांमागे अडकवला.

"दिसतंय आता नीट?"

तो माझ्याकडे बघत राहिला. दरीकडे नाही, आभाळाकडे नाही. "मगाशीही एवढंच दिसत होतं," तो म्हणाला. मी उगाच डबीचं झाकण उघडझाप करत बसले.

वाटाडा दारात उभा राहिला. या वेळी आमच्याकडे रोखून बघत त्याने विचारलं, "जोडी अपुरी कुणाची?"

शेजारी लिफ्टवाला ताठ बसला. आणि त्याने हात वर केला.

"माझी."

"अहो, ती काय शेजारीच बसलीय!"

"आत्ता आहे," तो म्हणाला. आवाज कापत होता, पुलावर कापला तस्साच. "पुढच्या महिन्यापासून ती इथे वर राहणार आणि मी खाली. मग अपुरी नाही का? आत्ताच सांगून ठेवतो. मगाशी कुणी ओरडलं नाही, म्हणून मागे राहिलो होतो."

मावशीची झोप खाडकन उडाली. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. माझ्या नाकाचं काय झालं असेल, देव जाणे, आणि या वेळी थंडीचं नाव सांगायचीही सोय नव्हती.

"मग ये ना वर," मी म्हटलं. तुम्हीचं तू कधी झालं, कुणास ठाऊक.

"एरवी इथवर बस नसते, आणि मध्ये पूल आहे..."

"चष्मा काढून ये. अलीकडच्या टोकाला मी उभी असेन, हाका मारत."

"रागावून?"

"उशीर केलास तर."

गाडी सुरू झाली. रस्ता दरीच्या कडेकडेने उतरत होता. खिडकीतून सगळी खोली दिसत होती आणि चष्मा त्याच्या नाकावर होता. त्याने माझ्या बाजूला हात पुढे केला. बॅग आमच्या दोघांच्या मध्येच होती, पट्टा वर आलेला.

त्याने पट्टा बाजूला सारला आणि माझा हात धरला.