ब्याण्णव टक्के

फोन कुणाला लागेल हे तिच्या हातात नव्हतंच. मदतकेंद्राचा नंबर फिरवून तिने अकरा मिनिटं तेच ते संगीत ऐकलं, एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा... आणि शेवटी त्या क्षणाला जो मोकळा होता, त्याने फोन उचलला. शेजारच्या टेबलावरच्याने उचलला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"नमस्कार, सतरा नंबरच्या टेबलावरून बोलतोय. सांगा, कुठे अडलंय?"

"ब्याण्णव टक्क्यांवर!" ती करवादली.

 पलीकडचा आवाज म्हणाला, "एवढे तर मला आयुष्यात कधी पडले नाहीत."

तिला हसायचं नव्हतं. सकाळपासून तिचं डोकं फिरलं होतं. ती भरतकाम करायची, घरच्याच एका खोलीत, खिडकीखालच्या मशीनवर. कागदावरच्या चित्राचे आपोआप टाके करून देणारं नवं सॉफ्टवेअर तिने घेतलं, आणि ते काही केल्या तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसेना. हिरवी पट्टी सुरसुर करत ब्याण्णवपर्यंत जायची, थबकायची आणि मग 'इन्स्टॉलेशन अयशस्वी' अशी पाटी यायची. चार वेळा झालं होतं. "थोपट जरा त्याला," असा सल्ला सोबत राहणाऱ्या मावशीने दोनदा दिला होता. तरीही त्याच्या त्या बोलण्यावर ती हसली.

"पडद्यावर एक चौकट येईल. परवानगी द्या, मग मी इथून बघतो."

तिने परवानगी दिली आणि माऊसवरचा हात झटकन उचलला. पडद्यावरचा बाण आपला आपण चालायला लागला होता!

"घाबरू नका... मीच आहे," तो म्हणाला.

बाण इकडेतिकडे फिरला, त्याने फायलींचे दोन-तीन कप्पे उघडून पाहिले, मिटले. मग एका फाईलपाशी येऊन थांबला. 'आधी हे वाचा' असं तिचं नाव होतं.

"ही वाचलीत?"

"हो."

"खरं सांगा."

"...नाही."

"कुणीच वाचत नाही हो. सॉफ्टवेअरवाले बिचारे जीव तोडून लिहितात. आमचे साहेबसुद्धा उघडत नाहीत ती." बाणाने त्या फाईलभोवती एक गोल गिरकी घेतली. "बरं, तुम्हाला काम कधी द्यायचंय?"

"पुढच्या महिन्याच्या अखेरीला. शाळेच्या गणवेशावरचे बिल्ले आहेत, सहाशे. तोवर जुन्या पद्धतीनं चालू आहे माझं."

"म्हणजे घाई नाही," तो हळूच म्हणाला. आणि जरा थांबून, "आज एक करून बघतो. उद्या चारला पुन्हा फोन करा. तुमची तक्रार माझ्याकडे नोंदवलीय, ती मिटेपर्यंत फोन माझ्याकडेच येईल."

"आणि मिटल्यावर?"

"मिटल्यावर... ज्याला लागेल त्याला."

दुसऱ्या दिवशी पट्टी ब्याण्णववर अडली. तिसऱ्या दिवशीही. एक दिवस तो म्हणे जागा मोकळी करू, एक दिवस म्हणे चालू-बंद करून बघू. आणि मधल्या वेळात, पट्टी सरकत असताना, करायचं तरी काय? दोघं बोलत. भरतकामात मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच नीटनेटकी लागते, हे तिने त्याला सांगितलं. दिवसभर लोक आपल्यावरच ओरडतात आणि कॉम्प्युटर मात्र शांत बसतो, हे त्याने तिला सांगितलं. ती बोलायला लागली की बाण जागच्या जागी थांबायचा. ऐकणारा माणूस हातातलं काम थांबवतो ना, तसा. ते तिच्या लक्षात आलं, आणि मग ती मुद्दाम लांबण लावू लागली.

चौथ्या दिवशी पावणेचारला ती आरशासमोर उभी राहून वेणी घालत होती.

"फोनवर केस दिसतात होय गं?" मावशीने विचारलं.

"उकडतंय म्हणून बांधतेय."

"बाहेर पाऊस आलाय भरून, आणि हिला उकडतंय! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

खरंच पाऊस भरून आला होता. ती फोनवर बोलत असतानाच तो खिडकीच्या पत्र्यावर ताडताड वाजायला लागला.

"पाऊस ना तुमच्याकडे?" त्याने विचारलं. "ऐकू येतोय."

"हो. आत्ताच सुरू झाला."

मग दोघं पाऊस ऐकत राहिली. पट्टी सरकत होती. चाळीस टक्के... पन्नास... आणि अचानक त्याच्या बाजूनेही तसाच ताडताड आवाज यायला लागला.

"चार मिनिटं," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तुमच्याकडून माझ्याकडे यायला त्याला चार मिनिटं लागली."

म्हणजे तो याच शहरात होता! तिला वाटलं होतं, कुठे दूर, हजार कोसांवर असेल. तिच्या ओठांवर प्रश्न आला. कुठे आहात तुम्ही? कोणत्या बाजूला? पण तोंड उघडायच्या आतच तो घाईने म्हणाला, "मॅडम, आपलं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. साहेब ऐकतात. बघत काही नाहीत, पण ऐकतात सगळं. गेल्या महिन्यात नऊ नंबरने एका बाईंना घरचा पत्ता विचारला, दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल रिकामं."

"मी कुठे काय विचारलं?" ती म्हणाली.

"नाही, नाही... मीच आपलं... सांगून ठेवलं."

बाण पडद्यावर थोडा थरथरला. पट्टी ब्याण्णववर येऊन अडली, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

पाचव्या दिवशी त्याने नियम सांगितला. सहा दिवसांत तक्रार मिटली नाही, तर ती वरच्या माणसाकडे जाते. म्हणजे उद्या शेवटचा दिवस. मिटली तरी शेवटचा आणि नाही मिटली तरी शेवटचा. त्या रात्री तिला झोप आली नाही. ज्याचं तोंड पाहिलं नाही, ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्यासाठी जीव असा तुटावा? पण तुटत होता, त्याला ती काय करणार!

सहाव्या दिवशी, शनिवारी, तो फार बोलला नाही.

"जरा मावशींना विचारून येता? सगळ्यात पहिल्यांदा तुम्ही हे करत होतात, तेव्हा मधेच कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं का?"

मावशी गच्चीवर कपडे काढत होती, आणि मावशीकडे 'हो' किंवा 'नाही' अशी छोटी उत्तरं नसतातच. ती परत आली तेव्हा पाच-सहा मिनिटं उलटून गेली होती. बाण पडद्याच्या मधोमध शहाण्यासारखा उभा होता.

"केलं होतं म्हणे. वीज जळतेय असं वाटलं तिला."

"तेच ते. पहिलं अर्धवट राहिलेलं तसंच आत पडून होतं. ते काढल्याशिवाय नवं कसं बसणार?"

त्याने एक जुना कप्पा पुसून टाकला. पट्टी निघाली. नव्वद, एक्याण्णव, ब्याण्णव... तिने श्वास रोखला. अड ना गं, फक्त आजचा दिवस अड. त्र्याण्णव. शंभर.

"झालं," तो म्हणाला. या शब्दात आनंद औषधालाही नव्हता. "चाचणी म्हणून एक चित्र काढतो हं." बाणाने हळूहळू एक पान काढलं. वेडंवाकडं, देठ एकीकडे आणि टोक भलतीकडे.

"हे काय आहे?"

"पान आहे. माझी चित्रकला ब्याण्णव टक्क्यांची नाही, सांगितलं ना." मग तो अगदी सावकाश म्हणाला, "मॅडम, ती 'आधी हे वाचा' फाईल... एकदा वाचा. खरंच वाचा. वाचाल ना?"

"हो, वाचेन," ती म्हणाली. पण तिचं लक्षच नव्हतं. डोळे भरून आले होते आणि ते आवाजात उतरू नयेत, एवढीच धडपड चालली होती.

"तक्रार बंद करू?"



"...करा."

बाण क्षणभर तसाच राहिला. मग तिने माऊसला हात लावला तर तो मुकाट तिच्या हाताबरोबर सरकला. तो गेला होता.

सॉफ्टवेअर झकास चालत होतं. चित्र दिलं की टाके तयार. सहाशे बिल्ले भराभर उरकत आले. आणि तिला मात्र चार वाजले की कुठे बघावं कळेना. ते वेडंवाकडं पान तिने एका पांढऱ्या रुमालावर भरून घेतलं, मागची बाजूही नीटनेटकी. दोनदा तिने खोटी तक्रार घेऊन फोन केला. एकदा चार नंबरला लागला, एकदा एकवीस नंबरला. "सतरा नंबरला देता का?" असं विचारल्यावर दोघांनीही सांगितलं, "असं मागून मिळत नाही, मॅडम." पाऊस आला की ती घड्याळ लावून चार मिनिटं खिडकीत उभी राहायची. आता त्याच्याकडे पोचला असेल, असं म्हणायची आणि आत यायची.

महिना होत आला. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिने पुन्हा फोन केला. या वेळी एकतीस नंबर होती, एक खमकी बाई.

"धाग्यांचे रंग दिसत नाहीत? आधी 'आधी हे वाचा' उघडा. त्यात आहे सगळं. वाचायचं नाही आणि फोन करत सुटायचं!"

फोन बंद झाला. तिला राग आला, आणि त्या रागाच्या भरात तिने ती फाईल उघडली. धाग्यांबद्दल होतं, मशीनबद्दल होतं, नियम होते. कंटाळून ती तळाशी गेली. तिथे शेवटच्या नियमाखाली वेगळंच काही लिहिलं होतं.

'मावशींकडे गेला आहात, तेवढ्यात लिहितो. अर्धवट राहिलेला कप्पा मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. तुम्हाला घाई असती तर तेव्हाच काढला असता. नव्हती म्हणून सहा दिवस काढले, माफ करा. तुमच्यासमोर हे लिहायची हिंमत नाही. तोंडावर नाही म्हणणं तुम्हाला अवघड गेलं असतं. पाऊस चार मिनिटांत पोचतो, म्हणजे आपण फार लांब नाही. नदीवरच्या पुलाजवळ वाचनालय आहे. तिथल्या पायऱ्यांवर मी रविवारी दहा ते अकरा बसेन. उद्यापासून पाच रविवार. तुम्ही आला नाहीत तर उत्तर समजलं, पुन्हा त्रास देणार नाही. इथे लिहितोय, कारण इथे साहेब कधी बघणार नाहीत. तुम्ही बघाल ना?'

तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन, चार. आज पाचवा. घड्याळात दहा पस्तीस!

"मावशी! मी आले!"

"अगं, कुठे? पायात चपला वेगवेगळ्या आहेत!"

"महिनाभर घरातच होतं गं सगळं, आणि मी—"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी जिन्यावरून ओरडली. कशाबद्दल ते तिला माहीत नव्हतं, पण म्हण बरोबर बसली.

ती रिक्षाने गेली, पुलाच्या तोंडाशी गर्दीत रिक्षा अडली, मग उतरून पळाली. आभाळ खाली आलं होतं. वाचनालयाच्या पायऱ्या दिसल्या तेव्हा अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. वर एक आजोबा पेपर वाचत होते. एक बाई पोराच्या बुटाची नाडी बांधत होती. आणि एक जण... बगलेत दोन पुस्तकं, निळा सदरा... उठून, कपडे झटकून, तिच्याकडे पाठ करून पलीकडच्या रस्त्याने निघाला होता.

हाक कशी मारणार? नावच माहीत नव्हतं. आणि तो नसला तर? भर रस्त्यात शोभा! पण तिच्या मनाने आता सगळी लाज गुंडाळून ठेवली होती.

"सतरा नंबर!" ती ओरडली.

आजोबांनी पेपर खाली केला. बाईने मान वर केली. निळा सदरा जागच्या जागी थांबला, अगदी बाण थांबायचा तसा, आणि हळूहळू वळला.

तिला एवढा दम लागला होता की बोलवेना. तिने पर्समधून रुमाल काढला आणि त्याच्यापुढे धरला. वेडंवाकडं पान, देठ एकीकडे, टोक भलतीकडे. त्याने तो हातात घेतला. उलटा केला. मागची बाजू पाहिली.

"नीटनेटकी आहे," तो म्हणाला. तोच आवाज. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. वेगवेगळ्या चपला, सुटलेली वेणी, सगळं पाहिलं. "सांगा... कुठे अडलंय?"

"ब्याण्णव टक्क्यांवर," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "एकोणतीस दिवस."

तो काहीतरी बोलणार होता. एवढ्यात टपकन एक थेंब रुमालावर पडला, मग दुसरा. आजोबा पेपर डोक्यावर धरून आत पळाले. ही दोघं तिथेच उभी.

"पाऊस सुरू झाला का तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडे?"

"माझ्याकडेही."